तुझ्या किती?

"आली तेव्हा आठ पोळ्या खायची हो! भुक्कड होती नुसती. आता बघा, दोनवर आली. वळण लागलं."

मॅडम हसत हसत म्हणाल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सेलूतल्या त्यांच्या घरी बैठकीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या आणि मी तिळगुळाचं ताट घेऊन उभी होते. एका काकूंनी माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला. "खरंच की. त्यांच्यातली वाटतच नाही आता."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

आठ नव्हत्या. पाच होत्या. पण ते मी कोणाला सांगणार?

त्या संध्याकाळी मी काहीच खाल्लं नाही. कडकडून भूक लागली होती आणि मला मात्र जिंकल्यासारखं वाटत होतं. तेव्हाच कोणीतरी घाबरायला हवं होतं. कोणी घाबरलं नाही. उलट कौतुक झालं.

आम्ही हिंगणीचे. गोंड. आईबाप दुसऱ्यांच्या शेतात रोजीने जातात. काम नसलं की बाबा जंगल खात्याच्या कामावर. दहावीला मला चांगले गुण पडले तेव्हा गणिताच्या मॅडम घरी आल्या. म्हणाल्या, हिला माझ्याकडे ठेवा, शिकवते. बाबांनी हात जोडले. मॅडमनी खरंच शिकवलं. पुस्तकं दिली, स्वतःच्या मुलीचे कपडे दिले. त्या उपकारांवर मी आजही बोट ठेवणार नाही. गणित मला त्यांच्यामुळेच आलं.

पण त्या घरात पोळ्या मोजायचे. रोज संध्याकाळी कणिक मी मळायचे, आणि परातीत पीठ घ्यायच्या आधी मॅडम स्वयंपाकघराच्या दारातून विचारायच्या, "तुझ्या किती?"

त्यांच्यासाठी तो साधा प्रश्न होता. आमच्या घरी असं कोणी विचारत नाही. भाकरी टोपल्यात असते, भूक असेल तितकी घ्यायची. मला उत्तर द्यायची लाज वाटायची. चार म्हटलं की भुवया वर जायच्या. तीन म्हटलं की "बरं" यायचं. दोन म्हटलं की मॅडम हसायच्या. त्या हसण्यासाठी मी खाली खाली उतरत गेले. एक. मग अर्धी. मग, "आज नको मॅडम, पोट भरल्यासारखं वाटतंय."

होळीला घरी गेले. मायनं ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी केली होती. मी दोन घास घेतले आणि ताट सरकवलं.

"काऊन वं? माह्या हातचं आता गोड नाई लागत का तुले?"

बाबाच म्हणाले, "राहू दे तिले. शिकलेले लोकं थोडंच खातेत. तू काय ढोरावानी वाढून राह्यली."

बाबांना अभिमान वाटत होता. मायला वाटलं, पोरगी मोठ्या घरात राहिली, आता आपल्या अन्नाची लाज वाटते. दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातून गव्हाचं पीठ आणलं आणि शेजारणीकडून पातळ पोळ्या शिकून आली. मॅडमच्या घरासारख्या. पहिल्या दोन जळल्या. तिसरी माझ्या ताटात वाढली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली.

ती मी खाल्ली नाही.

एप्रिल आला. वर्ध्याचं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. लोक अंगणात पाणी मारत होते आणि मी चादर पांघरून अभ्यास करत होते. नखं निळसर दिसायची. न्हाणीघराच्या जाळीत केस अडकायचे, ते मी मॅडम उठायच्या आत काढून टाकायचे. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पाळी थांबली होती, आणि मला ती एक कटकट मिटल्यासारखी वाटली होती.

मॅडमच्या मात्र ते लक्षात आलं. एका दुपारी त्यांनी दार लावून घेतलं.

"खरं सांग. कोण आहे तो?"

मला प्रश्नच कळला नाही.

"तुमच्यात हे लवकर होतं, माहीत आहे मला. पण माझ्या घरात चालणार नाही."

मग कळलं. त्यांनी माझ्या आईबाबांना बोलावून घेतलं. दोघं आले आणि बैठकीत न जाता पायरीवरच बसले. मॅडमनी त्यांना काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. खिडकीतून फक्त माय दिसली. तिनं पदर तोंडात कोंबला होता.

तिथून सगळे वर्ध्याच्या दवाखान्यात गेलो. तपासणी झाली. तसं काही नव्हतं. डॉक्टरबाईंनी माझी नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. त्यांचा चेहरा बदलला. "हिला आत्ता भरती करा. हिचं हृदय फार हळू चाललंय. ही मुलगी उपाशी आहे."

"उपाशी?" मॅडम म्हणाल्या. "आमच्या घरी कशाची कमी आहे, डॉक्टर? आणि हे न जेवण्याचे आजार मोठ्या घरच्या पोरींना होतात. यांना कुठून होणार?"

"कोणालाही होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मायकडे वळल्या. औषध म्हणजे जेवण. प्रत्येक जेवणाला हिच्याजवळ बसायचं. रागवायचं नाही, मोजायचं नाही, ताट संपल्याशिवाय उठू द्यायचं नाही. वेळ लागेल. आणि नाही केलं तर ही वाचेलच असं सांगता येत नाही.

मायनं माझा हात धरला. "मले वाटलं, तुले आमची लाज वाटते."

"नाई वं माय. मले भेव लागते."

"कायचं?"

"भाकरीचं."

भाकर नसण्याचं भय तिनं जन्मभर पाहिलं होतं. भाकरीचंच भय तिला कसं कळावं? पण ती उठली नाही.

दवाखान्यातून मला हिंगणीला घरी आणलं, पण पुढचे महिने गोड नव्हते. मी ताट भिरकावलं. "तू मले मारून राह्यली," असं मायच्या तोंडावर ओरडले. ती भात गोळा करायची आणि दुसरं ताट वाढायची. तिची रोजी बुडायची. बाबा आधी एकटे जेवायचे, तेही आमच्यासोबत बसू लागले. "चाल, पाहू कोण आधी खाते," म्हणायचे आणि मुद्दाम हरायचे. मला हसू यायचं नाही. तरी ते रोज हरायचे.

बारावी सुरू व्हायच्या आधी मॅडमची गाडी दाराशी थांबली.

"चल, वर्ष वाया जाईल," त्या म्हणाल्या. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तब्येत भरली. पण आता आणखी सुटू देऊ नका हं हिला."

बाबा हात जोडून उभे होते. त्यांच्या तोंडून 'हो' निघणारच होतं.

"मी येत नाई, मॅडम," मी म्हणाले. "मले इथं भूक लागते."

"अवं, काय बोलून राह्यली!" बाबा घाबरले. "मॅडमचे उपकार..."

"उपकार हायेत, बाबा. पण मी येत नाई."

मॅडम "कृतघ्न" म्हणाल्या आणि गेल्या. बारावी मी हिंगणीहून एसटीने केली. पुढे पदवी घेतली. आमच्या घराण्यात ती पहिलीच. आज वर्ध्यात नोकरी करते. जेवते. काही दिवस अजून सोपे जात नाहीत. माझा आजार पूर्ण गेला, असं मी लिहिणार नाही.

मागच्या आठवड्यात हिंगणीत एक लग्न होतं. मॅडमकडे यंदा नवी मुलगी राहते, आमच्याच वस्तीतली. पंगतीत ती माझ्यासमोर होती. वरणभात ताटाच्या कडेला पसरवत होती, खाल्ल्यासारखा दिसावा म्हणून. पाण्याचे पेले मात्र एकामागून एक रिकामे करत होती. तिचा बाप वाढणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणत होता, "आमची पोरगी आता साहेब लोकांसारखी जेवते." त्याच्या चेहऱ्यावर केवढा आनंद होता.

मी काल तिच्या आईशी बोलले. ती म्हणाली, "तुह्या पोटात काऊन दुखते? आमच्या पोरीचं भलं होऊन राह्यलं."

रविवारी मी पुन्हा जाणार आहे. तिनं दार लावलं तर दाराबाहेर बसेन. पोरीला दवाखान्यात नेईपर्यंत रोज जाईन. तिथून मॅडमकडे जाईन आणि ही मुलगी का परत येणार नाही ते त्यांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर सांगेन. वस्ती मला वाईट म्हणेल. मॅडम पुन्हा तोच शब्द वापरतील.

म्हणू देत. ही पोरगी मी मरू देणार नाही.