फायरप्रूफ पडदा आणि गिरजाबाईंची शेळी

शेळी थरथर कापत होती. तोंडातून लाळ, पोट टम्म फुगलेलं आणि शिंगात नाटकाच्या पडद्याची झालर.

सत्तरच्या दशकात मी कन्हान गावात जनावरांचा डॉक्टर होतो. शेळीची मालकीण गिरजाबाई आणि हौशी नाटक मंडळाचे सेक्रेटरी वानखेडे भांडतच दवाखान्यात शिरले.

"आज प्रयोग आहे साहेब, अन् हिनं पडदा खाल्ला," वानखेडे म्हणाले.

"माही शेळी मरून राहिली, अन् तुले पडद्याची पडली गा?" गिरजाबाई म्हणाल्या.

"पडद्याला काय लावलं होतं?" मी विचारलं.

"फायरप्रूफ केला," वानखेडे जरा ऐटीत म्हणाले. "मागच्या प्रयोगात पेटला होता. म्हणून अमोनियाच्या क्षारांच्या पाण्यात बुडवून बाहेर मैदानात वाळू घातला."

हे क्षार कापडाला पेटू देत नाहीत. पण ते खारट, आणि शेळीला खारट फार आवडतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गेले की त्यातून अमोनिया सुटतो आणि रक्तात भिनतो. त्यावर उपाय आंबट. थंड पाण्यात सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालून पाजायचा. उशीर झाला तर शेळी जाते.

दवाखान्यात सिरका नव्हता. वानखेडेंना सायकलवर धाब्याकडे पिटाळलं. ते घामाघूम होऊन बरणी घेऊन आले. आत सिरक्यातले कांदे तसेच.

"भाकर बी द्याची का याच्यासंगं?" गिरजाबाईंनी विचारलं.

कांदे काढले. मी बाटलीने थोडं थोडं पाजत राहिलो. गिरजाबाई शेळीच्या मानेवरून हात फिरवत होत्या. बऱ्याच वेळाने शेळीने एक लांबलचक ढेकर दिला. मग धडपडत उठली आणि थेट वानखेडेंची बाही चाटू लागली. पडदा बुडवताना त्यांनी तोच शर्ट घातला होता. सेक्रेटरी माझ्या टेबलावर चढले.

"धरा तिला! शर्ट काढतो मी."

टेबलावरूनच त्यांनी विचारलं, "साहेब, पडदा बुडवलेलं पिंपभर पाणी उरलंय. नाल्यात ओतू?"

"नाला कुठे जातो?"

"नदीत."

"मंग मासोळ्यांले बी सिरका पाजत फिरशीन का?" गिरजाबाई म्हणाल्या.

पिंपावर झाकण ठेवून ते पुढच्या पडद्यासाठी राखलं. प्रयोग झाला. पडद्याच्या भोकातून आत बिडी ओढणारे नाटकातले महाराज प्रेक्षकांना दिसले आणि त्या प्रसंगाला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

कापड फायरप्रूफ करण्याआधी ते कुठे वाळणार आणि तिथे कोण चरतं, एवढं पाहून घ्यावं.