मियाझूच्या स्टेशनवरचं हसू

मिझुए कुरागाकीचे केस मी पहिल्यांदा बांधले, तेव्हा तिच्या अंगाला सुक्या मासळीचा वास येत होता. मियाझू बंदरावरून क्योतोच्या आमच्या सिनेमा स्टुडिओत आलेली सोळा वर्षांची पोर. बाप बोटीबरोबर बुडालेला. आई, सुगाबाई, मासळी वाळवून विकायची. मी नाक मुरडलेलं तिनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "तोंडाने श्वास घ्या की, ओनोबूताई!" त्या दिवसापासून आमचं जमलं.

पडद्यावर आधी ती मोलकरीण झाली, मग नववधू, मग नायिका. बोलपट आले तेव्हा बंदरावरची बोली घालवायला तिनं महिनोन्‌महिने घसा फोडला. पुढे तिचे फोटो न्हाव्यांच्या दुकानांतसुद्धा लागले.

लढाई सुरू झाली आणि तिशीच्या आतच तिला सैनिकाच्या आईचं काम मिळालं. तिचे केस मीच पांढरे केले. शेवटी मुलाची गाडी सुटते, तो प्रसंग होता. तालमीत ती ढसाढसा रडली. दिग्दर्शक ताकेगामी म्हणाले, "पाणी नको. रडणारी आई वरचे सरकारी लोक पास करणार नाहीत. हसा."

ती हसली. असं हसली की आम्ही कामगारसुद्धा हातातलं काम विसरलो. त्या हसण्यानं तिचं नाव देशभर झालं. गावोगावची महिला मंडळं बायकांना तो सिनेमा मुद्दाम दाखवायची.

पुढच्या वसंतात तिच्या धाकट्या भावाला, शूहेईला, सैन्यातून बोलावणं आलं. मी तिच्याबरोबर मियाझूला गेले. स्टेशनवर महिला मंडळाच्या पांढरे एप्रन घातलेल्या बायका झेंडे घेऊन उभ्या. शूहेई बहिणीला चिडवत होता, "सिनेमातल्या पोराला शिदोरीला तांदळाचे मोची-लाडू, आणि मला उकडलेलं रताळं! चांगला मान आहे हं!"

गाडी हलली. सुगाबाईंचा ओठ थरथरला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "हसा सुगाबाई, तुमच्या लेकीसारखं हसा!"

आणि त्या हसल्या. हुबेहूब तशा. शूहेई खिडकीतून अर्धा बाहेर वाकून आईकडे बघत राहिला, कशाची तरी वाट बघावी तसा. गाडी वळणाआड गेली. मिझुएनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

तो फिलिपिन्सला गेला. लढाई संपल्यावर घरी पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी आली. आत अस्थी नव्हत्या, नाव लिहिलेली लाकडाची पट्टी होती. सुगाबाईंनी ती देव्हाऱ्यात ठेवली, वाफाळता भात ठेवला आणि सहज बोलावं तसं म्हणाल्या, "त्याला वाटलं असेल, आईला काहीच वाटत नाही."

"आई, ते नाटक होतं गं," मिझुए म्हणाली. "मला तसं करायला सांगितलं होतं."

"मला कुठे माहीत? मला वाटलं, असंच करायचं असतं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून मासळी उलटायला गेल्या.

तरी मिझुए कामावर परतली. पोट भरायचं होतं. पण एक दिवस स्टुडिओच्या फाटकाशी फुकुचियामा गावची एक बाई भेटली. कमरेत वाकून म्हणाली, "तुमचे उपकार आहेत. दोन्ही मुलं गेली, पण तुम्हाला बघितलं होतं म्हणून निरोप देताना मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही." त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर तिला लग्नाच्या प्रसंगात हसायचं होतं. ओठ हललेच नाहीत. पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. शेवटी ती माझ्याकडे येऊन बसली. "सोड केस, ओनोबू. संपलं."

कंपनीनं मनधरणी केली, धमक्या दिल्या. वर्तमानपत्रांनी लिहिलं, कुठल्याशा श्रीमंताबरोबर पळाली. खरं तर ती मियाझूला जाऊन आईशेजारी मासळी चिरत होती. मी दर उन्हाळ्यात जायची. तिचे हात मिठानं फाटलेले असायचे. मायलेकी गोडीनं राहायच्या, हवापाण्याचं बोलायच्या. शूहेईचं नाव मात्र दोघींच्या तोंडून कधी आलं नाही. एकदा न राहवून मी म्हटलं, "बोला की एकदा मोकळं." मिझुए म्हणाली, "काय बोलू? तिनं मला माफ केलंय. तेच मला पेलवत नाही."

सुगाबाई एका थंडीत झोपेतच गेल्या. अंत्ययात्रा निघाली तेव्हा मिझुए रस्त्यात बसली आणि हंबरडा फोडून रडली. आईचं नाव घेत होती, मध्येच भावाचं. आमच्याकडे असं कोणी रडत नाही. लोक माना खाली घालून उभे राहिले. दोन बायका माझ्या पाठीमागे कुजबुजल्या.

"बघ, काय रडतेय!"

"नटीच ती. तिला काय अवघड?"

मिझुएनं ते ऐकलं. ती मागे वळली नाही. मी तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि आम्ही लोकांमागून चालू लागलो.