उल्हासभावजींचं शांत घर

पडद्याचं माप घ्यायला कुणाच्या घरात शिरलं ना, की माणसं डॉक्टरला सांगत नाहीत ते आपल्याला सांगतात. गोव्यात पेडण्याच्या बाजारात माझं पडदे-कुशनचं दुकान आहे. रोज एक तरी किस्सा घेऊनच घरी येते. सांगायचं नाही म्हटलं तर पोट दुखतं!

आमची टीम छोटी. मी, बेळगावकडचा सुतार बसाप्पा आणि माझा धाकटा दीर उल्हास. भावजींनी इंटिरियरचा कोर्स केलाय आणि त्यांचं एकच पालुपद, "वहिनी, घर म्हणजे विसावा! बाहेर जगाचा कलकलाट, आत शांतता!"

गिऱ्हाइकांची घरं शांत करता करता त्यांनी स्वतःचं कोरगावचं घरही शांत करायला घेतलं. तिथं ते आणि माझ्या सासूबाई, दोघंच. भावजींचं लग्न जमत नव्हतं. सासूबाईंचं सगळ्या देवांना गाऱ्हाणं घालून झालं होतं. भावजी म्हणायचे, "आई, घर एकदा तयार होऊ दे. मुलगी आत पाऊल टाकेल आणि हो म्हणेल!"

*

डिचोलीला एक रिटायर्ड जोडपं. त्यांना फोन नसलेली खोली हवी होती. पुस्तकं, झोपाळा, मंद उजेड. दाराबाहेर वेताची टोपली. आत जाताना सगळ्यांनी आपले मोबाइल तिच्यात टाकायचे. भावजी इतके खूष की फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले.

थोड्या दिवसांनी बाईंचा फोन आला. "खोली एकदम मस्त झाली हं! फक्त एक काम राहिलं. टोपलीजवळ एक बाक करून द्या. आम्ही सगळे तिथंच उभे असतो, पाय दुखतात!"

*

केरीला समुद्राजवळ एका तरुण जोडप्यानं घर भाड्यानं घेतलं. दोघंही कॉम्प्युटरवाले. शहराचा वैताग आला म्हणून इथं आलेले. म्हणे घरात वाहत्या पाण्याचा आवाज हवा.

मी म्हटलं, "अहो, बाहेर एवढा मोठा समुद्र आहे!"

"तो फार जोरात वाजतो," बाई म्हणाली.

म्हणजे खिडक्या बंद करून समुद्र बाहेर ठेवायचा आणि आत कारंजं लावायचं! लावलं बापडं. पावसाळ्यात त्यांचा फोन आला. कारंज्यात बेडूक येऊन बसला होता आणि रात्रभर ओरडत होता. नवरा अगदी गंभीरपणे विचारत होता, "हा डिझाइनमध्ये होता का?"

बसाप्पा पलीकडून म्हणाला, "वहिनी, फ्री हाय म्हणून सांगा!"

*

आता भावजींच्या घराकडे येऊ. भिंतींना मातीचा रंग झाला. ट्यूबलाइट गेल्या, कोपऱ्याकोपऱ्यात पिवळे मिणमिणते दिवे आले. दिवेलागणीला बाहेरून बघितलं तर घर बंद करून माणसं गावाला गेलीत असं वाटायचं.

आमच्या पोदेराला, म्हणजे पाववाल्यालाही तसंच वाटलं. तो सायकलवरून यायचा, काळोख बघायचा आणि पुढं जायचा. पाव नाही, उंडे नाही, काही नाही! सासूबाईंना संध्याकाळच्या चहाबरोबर पाव लागतोच. त्यांनी आठवडाभर कळ काढली. मग एके दिवशी भावजींपुढं नुसता चहाचा कप आदळला.

"घे! आता विसावा बुडवून खा!"

*

त्याच पावसाळ्यात भावजींनी खिडकीशी ध्यानाचा कोपरा केला. घरातली सगळ्यात हवेशीर जागा ती. पावसात कपडे वाळायला दुसरी जागा कुठंय? सासूबाईंनी तिथं दोरी बांधली. मी गेले तर भावजी डोळे मिटून बसलेले आणि डोक्यावर आईचं ओलं लुगडं.

"थेंब पडतोय गो आई!"

"पडूं दी! साबणाचं नाही, साध्या पाण्याचं आहे. तू बस शांत."

*

यानंतर पहिली मुलगी बघायला आली. मुलगी म्हणजे तिचे आईवडील आधी आले. भावजींनी हॉलमधल्या खुर्च्या काढून जमिनीलगत गाद्या आणि तक्के टाकले होते. "जमिनीशी नातं जुळतं, वहिनी!" मुलीच्या वडिलांचं जुळलं. चहा झाला, लाडू झाला, गप्पा झाल्या, निघायची वेळ झाली. गुडघे कुठले ऐकतायत? एका बाजूनं बसाप्पा, दुसऱ्या बाजूनं मी, असं धरून त्यांना उठवलं. बिचारे घामाघूम झाले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. "मुलगो बरो आसा. पण सणावाराला आलो तर आम्हाला उठवणार कोण?"

मला हसू आवरेना. पण भावजींचं तोंड बघितलं आणि वाईट वाटलं हो. माणूस सोन्यासारखा. दिवसभर दुसऱ्यांची घरं मांडून द्यायची आणि आपल्या घरी जेवायला आईसमोर एकट्यानं बसायचं. खुर्च्या मात्र त्याच संध्याकाळी परत आल्या.

*

आणि मग गणपतीची चवथ आली.

फोंड्याच्या एका मुलीचा, स्मिताचा फोटो आला होता. तिनंही भावजींचा फोटो बघितला होता. तिच्या घरच्यांचं मूळ घर केरीला, गणपती तिथलाच. चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याहून केरीला जाताना वाटेत कोरगावला चहाला थांबू, पाच वाजता येऊ, असं ठरलं. भावजींनी जीव टाकून हॉल सजवला. वर पांढरं शुभ्र फॉल्स सीलिंग ठोकलं. "आत आल्यावर डोक्यावर नुसतं आभाळ वाटलं पाहिजे!"

त्या दिवशी सकाळी मी आणि माझे मिस्टर माटोळीचं सामान घेऊन गेलो. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घड, रानातली फळं बांधतात. माटोळी नाही तर चवथ नाही. चौकट धुतली, फळं मांडली. मिस्टरांनी दोरी घेऊन वर बघितलं.

"उल्हास, हुक खंय?"

भावजींनी वर बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. वर नुसतं आभाळ!

"आहेत ना," भावजी हळूच म्हणाले. "सीलिंगच्या वर आहेत."

सासूबाई अशा कडाडल्या! "तुझ्या बापायनं स्लॅब घालताना आधी हुक सोडले आणि मागीर दारं बसवली! आणि तू ते बुजवलेस? आता माटोळी काय माझ्या डोक्यावर टांगणार?"

सीलिंग फोडावं तर संध्याकाळी मुलीकडचे येणार. न फोडावं तर उद्या गणपती येणार. भावजींनी हाफ पँट चढवली, करवत घेतली आणि शिडीवर चढले. एवढ्या हौसेनं केलेलं काम स्वतःच्या हातानं कापायला लागले. हुक काही सापडेना. भोक मोठं होत गेलं. शेवटी कमरेपर्यंत आत शिरले आणि चाचपडू लागले.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. दुपारचे दोन वाजले होते! "म्हटलं, पुढं ट्रॅफिक लागेल, म्हणून लवकर निघालो," म्हणत स्मिताची आई आत आली. मागून वडील आणि स्मिता. हॉलभर पांढरी धूळ. माझ्या हातात माटोळीची कवंडळं, केसांत प्लास्टर.

"मुलगा कुठं आहे?" वडिलांनी विचारलं.

सासूबाईंनी बोट छताकडे केलं. शिडीवर दोन पाय होते, पिठात घोळल्यासारखे. आतून आवाज आला, "वहिनी, कोण गो आयलां?"

मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गेलं हेही स्थळ!

स्मिताच्या आईनं त्या पायांकडे नीट बघून घेतलं. "फोटोत चेहराच होता," ती म्हणाली. "चला, निघूया. केरीला आपली माटोळी बांधायची आहे."

स्मितानं ओढणी कमरेला खोचली, जमिनीवरची दोरी उचलली आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर चढली.

"तुम्ही पुढं व्हा गो आई. आपली बांधायला तिथं काका आहेत. इथं नुसते पायच आहेत!"