पांढरा जाळ

काल आमच्या बंद कारखान्यामागं भंगारवाल्यानं वायरी जाळल्या. तांब्याचा हिरवा जाळ उठला अन् मले आमची पितळेची भट्टी आठवली.

बऱ्याच वर्षांमागं एक दिवस मुशीच्या भांड्यातल्या वितळल्या तांब्यात मी जस्त टाकलं होतं. जाळ हिरवट होता तोवर ठीक होतं. मग तो पांढराफेक झाला अन् सावरीच्या कापसावानी राख हवेत तरंगू लागली. धाकटा भाऊ शंकर हळूच म्हणाला, "दादा, मूस उतरव. जस्त जळून राहिलं."

सगळे कारागीर पाहत होते. मी म्हटलं, "दोन वर्ग जास्त शिकला तं मले जाळ शिकवते का बे?"

"शिकवून नाही राहिलो, दिसते ते सांगून राहिलो."

मी मूस उतरवली नाही. जस्त जळून गेलं, पितळ पिवळं झालंच नाही, तांब्यासारखं लाल राहिलं. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, शंकरनं जस्त कमी तोललं, बाकीचं विकून खाल्लं.

त्यानं हात धुतले अन् गेला, तो कायमचाच. तेव्हा मले तो उद्धट वाटला होता. आता कळते, जस्त कोणी जाळलं ते न सांगता तो माझी लाज राखून राहिला होता.

शंकर मेला. ते कारागीरही मेले. खरं सांगावं तं ज्यांच्यासमोर खोटं बोललो त्यातलं कोणी उरलं नाही, अन् घरात अजून त्याले चोरच म्हणतात.