मॅलकीने चिकटवलेलं नाव

सिनसिनाटीच्या नदीकाठच्या गल्ल्यांतले गॅसचे दिवे मॅलकी टूही पेटवायचा. हे काम त्याला फेलिम स्कलीने मिळवून दिलं होतं. स्कलीचा दारूचा गुत्ता होता आणि त्याच्या हुकुमाशिवाय वॉर्डात पान हलत नसे. बोलायचा मात्र दर शब्दाला ढेकर देत असल्यासारखा. "मॅलकी... बाळा... महापौर... आपलाच हं!" बाळाची पन्नाशी उलटली होती.

यंदा बाळाला दुसऱ्यालाच मत द्यायचं होतं. महापौरपदाला उभा राहिलेला साबणवाला क्रेब्स गल्लीत नळ आणीन म्हणत होता. विहिरीच्या घाण पाण्याने मॅलकीची धाकटी लेक रोझ कॉलऱ्यात गेली होती.

पण मतपत्रिका छापायचे पक्षच. स्कलीची पिवळीधमक, क्रेब्सची पांढरी. हातात धरून सगळ्यांदेखत पेटीपर्यंत न्यायची. पांढरी दिसली की दिव्यांचं काम गेलं!

"अरे, ही बघ युक्ती," बायको होनोरा कुजबुजली. क्रेब्सच्या माणसाने तिला डिंक लावलेली चिठ्ठी दिली होती, क्रेब्सचं नाव छापलेली. "पिवळ्या कागदावर त्यांच्या महापौराचं नाव असेल, त्यावर ही डकवायची. जीभ लाव, दाब, घडी घाल!"

"त्याचं नाव ओळखू कसं?" वाचता दोघांनाही येत नव्हतं.

"महापौर ना तो? मग सगळ्यात वर असणार की, वेड्या!"

मतदानाच्या दिवशी स्कलीने पिवळा कागद हातात कोंबला. मॅलकी गुत्त्यामागच्या मुतारीत शिरला, चिठ्ठी चाटली, वरच्या नावावर दाबून बसवली. मग कागद उंच धरून ऐटीत पेटीकडे निघाला.

"शाब्बास... बाळा!"

संध्याकाळी मोजणीहून स्कली गुत्त्यात आला तो पोट धरून हसतच. "जिंकलो... रे! आणि ऐका... कुणा गाढवाने... साबणवाल्याला... न्यायाधीश केलाय!"

यंदा न्यायाधीशाचीही निवड होती आणि त्याचं नाव वर होतं. महापौराचं त्याखाली. म्हणजे मॅलकीचं मत स्कलीच्याच माणसाला पडलं होतं.

गुत्ता हसून लोळला.

"तू का रे... बाळा... हसत नाहीस?"

"छे, साहेब! गाढवच तो," म्हणत मॅलकीही हसला, जरा जास्तच मोठ्याने.

घरी होनोरा दारातच उभी होती. "क्रेब्स पडला म्हणे! तू दिलंस ना?"

"दिलं."

"बघ! तुझ्यासारखे अजून थोडे मर्द निघाले असते या गल्लीत, तर नळ आला असता," ती म्हणाली आणि त्याच्या ताटलीत तिने आपल्या वाटचाही बटाटा वाढला.

मॅलकीला नको म्हणता येईना.