जवाच्या पिठाचे बाहुले

डोंबिवलीच्या खांबेट्यांकडे सून म्हणून आलेल्या उत्तराच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. कल्याणहून लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने घरातल्या दुध्या भोपळ्याला कोळशाने मिशा काढल्या, वर फडक्याची पगडी चढवली आणि त्याला माजघराच्या कोनाड्यात बसवून ठेवलं. सासूबाई, म्हणजे माई, दिवेलागणीला कोनाड्यात पणती ठेवायला गेल्या आणि किंचाळल्या. सासरे आप्पा मात्र पोट धरून हसले. "अगो, हा तर आमचा हेडमास्तर!" म्हणाले, आणि पुढचे दोन दिवस त्यांनी त्या भोपळ्याला विळी लावू दिली नाही.

उत्तरा कल्याणच्या एका पोस्टातल्या कारकुनाची मुलगी. चित्रकला वगैरे ती कुठे शिकलेली नव्हती, आणि आपण करतो त्याला काही नाव असतं हेही तिच्या गावी नव्हतं. भेंडीच्या देठांची पलटण उभी करायची, वांग्याला चार काड्या खुपसून गाय करायची, कंदिलाच्या काचेवर काजळी धरली की पुसण्याआधी तिच्यात नखाने झाडं कोरायची. कंदील लावला की ती झाडं भिंतीवर डोलत. ठाकुर्लीचं वीजघर हाकेच्या अंतरावर धूर ओकत असलं तरी खांबेट्यांच्या गल्लीत वीज काही पोचलेली नव्हती, त्यामुळे झाडांना तोटा नव्हता.

पण तिचा खरा लाडका होता तो कणकेचा शेवटचा गोळा. पोळ्या झाल्या की तो तिचा. त्यातून कधी चिमणी निघे, कधी बेडूक, कधी फुगलेल्या गालांचं मांजर. निखाऱ्यावर खरपूस भाजून ते लेकीच्या, जयाच्या, हातात जाई. आप्पा ओट्यावरून ओरडत, "आज कोण आलंय गो?" आणि हातातलं वर्तमानपत्र टाकून बघायला येत. ठाकुर्लीकडून भाजी घेऊन येणारी तुळसा नातवासाठी हक्काने एखादा पक्षी मागून नेई. उत्तराच्या नवऱ्याच्या, भालचंद्रच्या, डब्यातही कधी कधी एक पोपट असायचा. कचेरीत चारचौघांत तो खायची भालचंद्रला लाज वाटे. मग तो पोपट तसाच परत आणायचा आणि घरात शिरण्याआधी अंगणात उभा राहून, भिंतीकडे तोंड करून खायचा. उत्तराला त्याचं हसू यायचं. तेव्हा त्यात हसण्यासारखंच काहीतरी आहे असं तिला वाटे.

माई वाईट नव्हत्या. त्या घाबरलेल्या होत्या, आणि तेही आयुष्यभर. पोटची तीन लेकरं त्यांनी पोचवली होती, त्यामुळे घरात कोणी मोठ्याने हसलं तरी त्या देवाला हात जोडायच्या. "अन्नाशी खेळ बरा नव्हे," एवढंच त्या म्हणत. आप्पा होते तोवर ते बोलणं कोणी फारसं मनावर घेत नसे.

त्रेपन्न सालच्या चैत्रात आप्पा गेले. जेवून ओट्यावर बसले होते, बसल्या बसल्या मान टाकली. भटजी आले, पंचांग उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पंचक लागलेलं होतं. पंचकात गेलेला माणूस आपल्यामागून घरातली पाच माणसं नेतो, म्हणून दर्भाचे पाच बाहुले करून, त्यांना जवाच्या पिठाने लिंपून प्रेताबरोबर जाळायचे, म्हणजे ती पाच माणसं वाचतात, असं सगळेच मानत. आणि आप्पांमागे घरात उरली होती नेमकी पाचच. माई, भालचंद्र, धाकटा सुधीर, उत्तरा आणि पाच वर्षांची जया.

भटजींनी मागच्या पडवीत दर्भाच्या पाच जुड्या बांधल्या. उत्तराने जवाचं पीठ भिजवून आणलं. तेवढ्यात बाहेर लाकडांच्या गाडीवरून काहीतरी आरडाओरडा झाला आणि भटजी उठले. "सूनबाई, एवढं लिंपून ठेवा. नुसतं फासायचं," म्हणाले आणि गेले.

नुसतं फासणं उत्तराला कधी जमलं असतं? ती रडत होती आणि तिचे हात चालत होते. आप्पांना माणसांची केवढी हौस. संध्याकाळी ओट्यावर चार जण जमले नाहीत तर त्यांना चहा गोड लागत नसे. त्यांच्याबरोबर ही बिनचेहऱ्याची परकी मंडळी पाठवायची? तिच्या बोटांखाली एक नाक उमटलं. मग एक अंबाडा आला. भालचंद्रचा चष्मा आला, सुधीरचे पुढे आलेले कान आले. एक जुडी जरा आखूड होती, तिला दोन वेण्या आल्या. शेवटच्या बाहुल्याला तिने कपाळावर कुंकवाएवढा खळगा दाबला. तेवढा वेळ तिला बरं वाटलं. आप्पांशी बोलल्यासारखं वाटलं.

भटजी घाईत परतले आणि न बघताच त्यांनी बाहुले तिरडीवर मांडले. माईंना शेवटचं दर्शन घ्यायला धरून आणलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. त्या बाहुल्यांकडे बघत राहिल्या. त्यांचा हात आपसूक मागे स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. लोकांनी तिरडी उचलली आणि खाडीच्या वाटेला लागले.

पाचव्या दिवशी न्हाणीघराच्या दारात त्यांनी उत्तराला गाठलं. "पाच द्यायचे असतात ते बिनतोंडाचे. म्हणजे गेलेला जीव त्यांच्यावर भागवतो. तू आमची तोंडं दाखवलीस त्याला."

"माई, मी आपलं आप्पांना सोबत म्हणून..."

"सोबत!" माई म्हणाल्या. "कुणाकुणाला धाडलंस सोबतीला, कळतंय का तुला?"

उत्तराला तेव्हा कळलं. भालचंद्र तिथेच दोरीवरचा पंचा काढत होता. त्याने सगळं ऐकलं. "बघू," म्हणाला. कशाला बघू आणि काय बघू, हे त्याने सांगितलं नाही.

ज्येष्ठात सुधीर ठाण्याच्या गिरणीतून ताप घेऊन घरी आला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी विषमज्वर म्हणून सांगितलं. ठाण्याला त्या महिन्यात विषमज्वराची साथच होती, शेकड्यांनी माणसं अंथरुणाला खिळली होती. पण त्यांचे बाहुले कोणी केले होते हे विचारण्याची माईंना गरज वाटली नाही. "पहिला लागला," त्या शेजारणीला म्हणाल्या. शेजारीण दुसऱ्या शेजारणीला म्हणाली. आठवडाभरात सगळ्या गल्लीला बाहुल्यांची हकीकत पाठ झाली, आणि दर वेळी बाहुले आणखी हुबेहूब होत गेले. विहिरीवर उत्तरा गेली की बायका पोरांना पदराआड घेत. तुळसा भाजी फाटकातच ठेवू लागली. उत्तराने तिच्या नातवासाठी चार शेंगदाणे पुढे केले, तर ती मागे सरली. "नको गो बाय, मना काय नको. लहान पोर हाय घरान." उत्तरा ते शेंगदाणे मुठीत धरून किती तरी वेळ फाटकात उभी होती.

माईंनी जयाचं अंथरूण आपल्याशेजारी घातलं. मग एके सकाळी भालचंद्रला समोर बसवून त्यांनी निकाल दिला. "आता पुन्हा या घरात हिच्या हातून काही आकार झाला, तर हिने कल्याणला बापाकडे जायचं. पोर इथे राहील. मान्य आहे का तुला?"

उत्तरा दारात उभी होती. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. भालचंद्र चष्मा पुसत होता.

"बरं," तो म्हणाला.

सुधीर बरा झाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, माईंनी नाही. "टळलं नाही, पुढे गेलं," त्या म्हणाल्या. सगळ्यात वाईट म्हणजे ते आता उत्तरालाही पटू लागलं होतं. जया शिंकली की ती तिच्या कपाळाला हात लावून बघे. माई अंगणात सावकाश चालत असल्या तरी ही मागून त्यांच्या पायांकडे बघत राही. भालचंद्रला यायला उशीर झाला की ओट्याला खिळून उभी. कणकेचा शेवटचा गोळा ती घाईघाईने लाटून टाकी, त्याच्याकडे न बघता. जया आधी म्हणायची, "आई, चिमणी." मग म्हणेनाशी झाली. घर इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही नको वाटे.

श्रावणातल्या एका संध्याकाळी उत्तरा कणीक भिजवून, वर ताट झाकून विहिरीवर गेली. घागर घेऊन परत आली तर जया परातीपाशी उकिडवी बसलेली. पाटावर कणकेचा एक माणूस निजवलेला होता. डोकं केवढंच्या केवढं, एक हात गुडघ्यापर्यंत आणि दुसरा नुसतं बोटभर बोंडूक. चष्म्याच्या जागी मसुराचे दोन दाणे.

"आई, बाबा!" जया म्हणाली.

उत्तराला आधी आनंद झाला. हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. गेल्या चार महिन्यांत झाला नव्हता असा तो आनंद होता. मग भीती वाटली. तिने घागर खाली ठेवली आणि बाहुला चुरडायला हात पुढे केला, पण हात थांबला. बाबाला चुरडायचं? चुलीत टाकायचं? पाण्यात सोडायचं, की कावळ्याला घालायचं? माणूस गेल्यावर जे जे करतात, तेवढंच तिला सुचत होतं.

तेवढ्यात माई आत आल्या. त्यांच्या मागोमाग कचेरीतून आलेला भालचंद्र, हातात ओली छत्री.

"कोणी केलं हे?" माईंचा आवाज चिरकला.

जयाने कौतुकाने तोंड उघडलं. उत्तराने पटकन तिचे दोन्ही पिठाचे हात आपल्या पदरात ओढून घेतले.

"मी," ती म्हणाली. "मी केलं."

तिने फार विचार केला असं नाही, पण जेवढा केला तेवढा पक्का होता. सुनेला बापाकडे धाडता येतं. नातीला कुठे धाडणार? तिला याच घरात, याच नजरेखाली वाढायचं होतं.

भालचंद्रने पाटाकडे पाहिलं. सहा वर्षं त्याने उत्तराचे पोपट खाल्ले होते. हा हात तिचा नाही, हे त्याला एका नजरेत कळलं, आणि त्याला कळलंय हे उत्तराला कळलं. 'माई, हे पोरीचं काम आहे, आणि यात वाईट काही नाही,' एवढं तो म्हणाला असता तर त्या संध्याकाळी सगळं मिटलं असतं. फार तर माई चार दिवस रुसल्या असत्या. त्याने छत्री खुंटीला टांगली आणि पाय धुवायला न्हाणीघरात गेला. पुढे लोकांनी त्याच्या या गप्प बसण्याला सोशिकपणा म्हटलं. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

बाहुल्याला कोणी हात लावीना. रात्रभर तो पाटावरच होता. सकाळपर्यंत वाळून त्याच्या मानेला भेग गेली, आणि माई त्या बाजूला न बघता वावरत राहिल्या.

दुपारी माईंच्या निरोपावरून कल्याणहून उत्तराचे वडील आले. त्यांना कोणी नीट काही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. ओट्यावर माईंनी जयाचं मनगट घट्ट धरलं होतं. उत्तरा तिच्या वेणीची सुटलेली फीत बांधायला खाली वाकली आणि तिच्या कानाशी लागली.

"तुझा बाबा छान झालाय हं," ती म्हणाली. "मला असा कधी जमला नसता."

मग पिशवी उचलून ती वडिलांच्या मागोमाग पायऱ्या उतरली.