आग पहिले, तेल मंग

माह्या हातून घोळ पुष्कळ झाले, ते सांगत बसलो तं दिवस पुरणार नाही. पण ऐन मांडवात व्याह्याची मिशी जाळणारा नवरीचा मामा तुमी पाह्यला नसन. तो तुमच्या समोर बसून हाय.

माणूस रॉकेटात बसून पृथ्वीभोवती चक्कर मारून आला, त्या वर्साची गोष्ट. बोरी अरब या गावी माह्या भाचीचं, सुमीचं, लग्न होतं. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे दिवस बुडता बुडता. गावात वीज नव्हती. मांडवात गॅसबत्ती लावाचं काम माह्याकडं. माह्यासारखी बत्ती कोणी लावत नाही, असं सारे म्हणत. मीही म्हणत होतो.

बत्तीची जाळी आणाले दारव्ह्याले अब्दुलभाईच्या दुकानात गेलतो. अब्दुलभाई स्टो, बत्त्या, इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. कोण्या मासिकात त्यानं रॉकेटाचं वाचलं होतं. मले अक्षरओळख नाही, पण इचारायची खोड लई.

"अब्दुलभाई, त्याच्यात जळते काय?"

"घासलेट. तुमी बत्तीत टाकता तेच, जरा जास्त साफ केलेलं."

"मजाक करून राह्यला काय?"

"कसम से, भाऊ. आन् संगं हवा. वर आभाळात हवा नाही ना, मंग आग जगन कशी? म्हणून हवेतली जाळणारी चीज इतकी थंडी करतात का तिचं पाणी होते. एका टाकीत घासलेट, दुसरीत ते पाणी."

"पेट्रोल काहून नाही?"

"पेट्रोल हलकं, उडून जाते. घासलेट भारी. तेवढ्याच टाकीत जास्त मावते आन् सांभाळाले सोपं."

मी जरा इचार केला. "मंग तिथं काडी कोण लावते?"

अब्दुलभाईनं हातातला पाना खाली ठेवला. "असली बात तीच हाय. काही तेलं अशी, का दोघांची गाठ पडली का आपोआप पेटतात, काडीच नको. घासलेटाचं तसं नाही. तिथं आग पहिले पायजे, तेल मंग. तेल पहिले जमलं आन् आग मागून आली, तं सारं एकदम पेटते. रॉकेट जाग्यावरच फुटते."

आता पाहा, आपल्या बत्तीचंही तेच नाही काय? पहिले वाटीत स्पिरिट जाळून नळी गरम करा, मंग पंप मारा, तेल वर येऊ द्या. म्हणजे इतकी वर्सं मी रॉकेटच चालवून राह्यलो होतो, आन् मले कोणी सांगितलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी बहिणीनं मले बाजूले घेतलं. "दादा, आबाजीचा मान ठेवजो. सुमीचं पहिलं स्थळ मानापानावरून मांडवातून परत गेलं. आता पुन्हा तसं नको होऊ देऊ."

आबाजी म्हणजे नवरदेवाचे वडील, कळंबचे. मोठे शांत गृहस्थ. मिशी अशी भरघोस, का माणसाच्या आधी तीच दिसे.

दिवस कलला. मी बत्ती समोर घेऊन बसलो. आबाजी बाजूच्या खाटेवर टेकले. "काय करून राह्यले, मामा?"

एवढं मले पुरे होतं. "आबाजी, रॉकेट काय पिऊन उडते, माहीत हाय?"

नव्हतं माहीत. मी पंप मारत सांगत गेलो. घासलेट सांगितलं, थंड्या हवेचं पाणी सांगितलं. चार माणसं जमली. बोहल्यावरून नवरदेवही मुंडावळ्या सावरत वाकून ऐकू लागला. बोलता बोलता तेलाची चावी कवा फिरवली, ते ध्यानात नाही.

आतून बहीण म्हणाली, "दादा, बत्ती?"

"लावून राह्यलो ना."

आबाजी आता बत्तीवर पुरे झुकले होते. "मंग तिथं पेटवते कोण?"

"सारं गणित तिथंच हाय, आबाजी. आग पहिले, तेल मंग."

"आन् उलटं झालं तं?"

मी काडी ओढली. स्पिरिटची बाटली माह्या खिशात होती. बुचासकट.

भक्क करून जाळ उठला तो मांडवाच्या पाल्याले टेकला. नवरदेव बोहल्यावरून पलीकडं, भटजी त्याच्या आधी. कोणी तरी ओलं पोतं आणून टाकलं आन् सारं शांत झालं. बाकी कोणाले काही झालं नाही. फक्त आबाजीची डावी मिशी अर्धी उरली.

बहीण दारात उभी, तोंडाले पदर लावून. मी आबाजीचे पाय धरले. "चूक माही हाय. पोरीवर राग काढू नका."

आबाजीनं मिशी चाचपली. उजवी, मंग डावी, मंग पुन्हा उजवी.

"म्हणजे उलटं झालं तं असं होते?"

"होय जी."

"समजलं. असं समजावून मले आजवर कोणी सांगितलं नव्हतं." मंग बाकीच्यांकडं वळून म्हणाले, "कंदील आणा, मुहूर्त टळून राह्यला. मामाले पोरीच्या मागं उभं करा. पण हातात काही देऊ नका."

कंदिलाच्या उजेडात अक्षता पडल्या.

सुमी आता आजी झाली. तिचा संसार चांगला झाला, माणसं मायाळू. मले बोलावतात, मानानं पाटावर बसवतात. पण त्या घरात मले आजही चहा देतात तो बशीत ओतून, फुंकून, पुरा थंडा करून.